डोक्याची तालीम

विसरण्याची एवढी धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा नसेल. काकांच्या आईनं शेवटच्या दिवसांत त्यांनाच ‘कुणाचा रं तू?’ म्हणून विचारलं होतं. ते त्यांच्या काळजात रुतून बसलं. ‘आई मला इसरली. उद्या मी हिला इसरलो तर?’ असं मावशीकडं बोट दाखवून म्हणायचे आणि मावशी हसून कामाला लागायची.

सांगलीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की खात्री कुणीच देत नाही, पण चालणं, माणसांत राहणं, नवं काही शिकणं यानं मदत होते. काकांनी ‘मदत’ तेवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्याची तालीम सुरू केली. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या या माणसानं चहातली साखर सोडली, तंबाखूची डबी उकिरड्यावर भिरकावली. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून रोज दोन अक्रोड. दात डाव्या हातानं घासायचे, म्हणजे डोक्याला काम मिळतं; त्यात निम्मी पेस्ट मिशीला लागायची. रोज दहा माणसांशी बोलायचंच असं ठरवल्यामुळे काका दिसले की कडेगावातले लोक गल्ली बदलायचे. सत्तरीत कानडी शिकायला घेतलं. ‘ऊटा आयता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ एवढं एकच वाक्य जमलं, पण ते विजापूरच्या एका ट्रक ड्रायव्हरला सकाळी सातला इतक्या कळवळून विचारलं, की म्हातारा उपाशी दिसतो असं समजून त्यानं आपली भाकरी पुढं केली. काकांनी ती खाल्लीसुद्धा. मावशीला म्हणायचे, ‘तू बी चल की फिरायला.’ ती म्हणायची, ‘मला कुठं येळ हाय? माझ्या वाटचं बी तुमीच चाला.’

मागल्या वर्षी ते पुन्हा डोकं तपासून घ्यायला सांगलीला गेले, तेव्हा मी आणि मावशी बरोबर होतो. काकांना पैकीच्या पैकी. डॉक्टरांनी सहज मावशीला विचारलं, ‘यांचं नाव काय?’ मावशीनं पदर तोंडाशी धरला, मान खाली घातली आणि हसली. ‘डॉक्टर, आमच्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत,’ काका अभिमानानं म्हणाले. सगळे हसलो, सगळ्यात मोठ्यानं मी. ते हसू मला अजून टोचतं, कारण मावशी लाजत नव्हती, तिला नाव आठवतच नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला काका फिरून घरी आले, तर तिनं दारातच विचारलं, ‘पावणं, च्या घेणार का?’ काका तिथंच उंबऱ्यावर बसले.

तालीम अजून चालू आहे, पण आता ती मावशीची. काका तिचा हात धरून तिला फिरवतात, वाटेत भेटणाऱ्या माणसांची नावं सांगतात. संध्याकाळी तिच्याकडून लग्नातला उखाणा म्हणून घेतात, कारण उभ्या जन्मात तिनं त्यांचं नाव घेतलं ते त्या उखाण्यातच. ‘माहेर माझं पाटणचं, कोयनेच्या काठी, कडेगावला आले मी...’ इथवर ती ठसक्यात येते. पुढं नाव घेऊन ‘रावांच्यासाठी’ म्हणायचं, तिथं थांबते. मग काका हळूच स्वतःचं नाव सांगतात.

परवा मी समोरच बसलो होतो. नाव ऐकताच मावशीनं घाईघाईनं पदर सावरला आणि काकांना म्हणाली, ‘आवं, हळू बोला. आमच्या मालकांचं नाव हाय ते. फिरायला गेल्यात, येतीलच आता.’

‘व्हय, चुकलं माझं,’ काका म्हणाले आणि डाव्या हातानं तिच्यासाठी अक्रोड फोडायला बसले.