दुधाच्या घरात कॅल्शियमची गोळी

बायकोच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या. तिनंच बंद केल्या असं मी चार वर्षं सांगत आलो. डॉक्टरांना सांगितलं, तिच्या वडलांना सांगितलं, पोटच्या मुलीलाही सांगितलं. मी बोलका माणूस नाही. दिवसभरात माझ्या तोंडून जे काही शब्द निघतात त्यातले निम्मे गायींच्या वाट्याला जातात. त्यामुळं लिहिणंही जड जातंय. पण आता लिहितो.

आमचं घर कोरेगावपासून सात-आठ किलोमीटरवर. सहा संकरित गायी, थोडा ऊस, थोडी वैरण. बायको जतकडची. तिच्या माहेरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी, त्यामुळं लग्न होऊन आली तेव्हा गायीच्या कासेला हात लावायला भ्यायची. वर्षभरात माझ्यापेक्षा चांगली धार काढायला लागली. माहेरी घरातलं अर्धं बोलणं कानडीत, म्हणून दुखलंखुपलं की अजूनही तिच्या तोंडून आधी "यव्वा" निघतं, मग बाकीचं.

तिच्या गळ्याला गाठ आली होती. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, थायरॉईडची ग्रंथी सगळीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ओठांभोवती मुंग्या येतायत. डॉक्टरांनी तिच्या कानापुढं गालावर बोटानं टिचकी मारली, तसा तिचा ओठ त्या बाजूला उडाला. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि कागदाच्या पाठीमागं चित्र काढून समजावून सांगायला बसले.

थायरॉईडच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, ते म्हणाले. अंगातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात असतं ते अगदी थोडं, पण नसा, स्नायू, काळीज त्या थोडक्यावरच चालतं. ते जरा कमी झालं की या चार ग्रंथी एक रस सोडतात. तो रस हाडांतून थोडं कॅल्शियम काढून आणतो, मूत्रपिंडाला ते बाहेर टाकू देत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला जागं करतो, म्हणजे आतडं अन्नातून जास्त ओढून घेतं. पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात. दिवसातून कितीतरी वेळा हे चालू असतं, माणसाला पत्ताही लागत नाही. तिच्या या ग्रंथींचा रक्तपुरवठा ऑपरेशनमध्ये तुटला होता. आता त्यांचं काम गोळ्यांनी करायचं, बहुतेक जन्मभर. एक मोठी पांढरी गोळी कॅल्शियमची, जेवणाबरोबर. आणि एक बारकी मऊ कॅप्सूल, जागं केलेल्या ड जीवनसत्त्वाची.

"ही बारकी आहे ना, ती मुकादम समजा," डॉक्टर म्हणाले. "ती नसली तर मोठी गोळी पोटात जाऊन नुसती फिरून बाहेर पडेल."

मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोय मला नाही.

पाच-सहा महिने चांगले गेले. मग एक दिवस सकाळी डेअरीवर दूध घालायला उभा होतो. रांगेत माझ्या पुढं आमच्याच भावकीतला एकजण होता. त्याला उगाच चौकशा करायची सवय.

"वैनीला रोजच्या कसल्या गोळ्या रं चालू हायत?"

"कॅल्शियमच्या."

"कॅल्शियमच्या?" त्यानं मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "गड्या, साठ लिटर दूध घालतोस इथं, आन् बायकोला कॅल्शियम मेडिकलातनं? लोकाच्या पोरांची हाडं बळकट करतोस आन् घरात गोळ्या चारतोस व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते बोलणं डोक्यात गरगरत राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी मला मुतखडा झाला होता आणि तो कॅल्शियमचाच असतो असं कुणीतरी सांगितलं होतं, तेही आठवलं. खरं सांगायचं तर मुतखडा हे निमित्त. मला लाज वाटली होती. दुधाच्या घरात कॅल्शियमची गोळी.

ती भाकरी थापत होती. मी फळीवरची गोळ्यांची पिशवी उचलली.

"आजपासनं ह्या बंद. दूध पी. तीन टायमाला तांब्याभर."

"आवं, डाक्टरांनी जन्मभर सांगितल्यात."

"त्यांचं काय जातंय सांगायला? आपल्या दुधात काय कमी हाय?"

"मग ती बारकी तरी राहू द्या."

"एकदा सांगितलं न्हवं?"

तिनं भाकरी उलटली. पिशवी मी गोठ्यात वरच्या फळीवर, जनावरांच्या औषधांमागं टाकून दिली.

चौथ्या दिवशी तिच्या ओठाला मुंग्या यायला लागल्या. मी म्हणालो, दूध वाढव. तिनं वाढवलं. नावडत होतं तरी नाक दाबून प्यायची. पुढं मला कळलं की दुधात फॉस्फरस भरपूर असतो, आणि या ग्रंथी ज्यांच्या बंद पडल्यात त्यांच्या रक्तात तो साचत जातो आणि कॅल्शियम आणखी खाली जातं. अशा माणसाला दूध बेतानं प्यायला सांगतात. मी तांब्या भरून देत होतो.

दुसऱ्या आठवड्यात आमची एक गाय व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो तर ती बसलेली, मान वळवून कुशीला लावलेली. मी कानाला हात लावला. कान गार. मला बाकी काही बघावं लागलं नाही. तिथूनच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "गाय बसलीया, कॅल्शियम उतरलंय, लवकर या."

ते आले. गायीच्या मानेत सुई घातली, बाटली जोडली आणि ती उंच धरायला माझ्या बायकोच्या हातात दिली. मी गायीचं मुंडकं धरलं होतं. डॉक्टर काळजाचे ठोके ऐकत बाटली हळूहळू सोडत होते, आणि त्यांच्या सवयीप्रमाणं बोलत होते.

"चिकात सगळं कॅल्शियम निघून जातं बघा. हाडात ढीग पडलेला असतो, पण तो काढायचा हुकूम सुटायला दोन-तीन दिवस लागत्यात. तेवढ्यात जनावर आडवं."

"व्हय," मी म्हणालो. सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर काढलेलं चित्र त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं आलं होतं. ते मी बाजूला सारलं.

"आवं," बायको म्हणाली, "माझा हात बघा."

मी बघितलं. बाटली धरलेला हात नव्हे, दुसरा. बोटं सरळ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळहातात दुमडलेला, मनगट आत वळलेलं. कासारापुढं बांगड्या भरायला बसल्यावर हात आवळून धरतात, अगदी तसा. फक्त तो तिला सोडवता येत नव्हता.

"बाटली नीट धर," मी म्हणालो. "तुझी नाटकं मागनं."

डॉक्टरांनी मान वर केली. "वैनी, बरं वाटत न्हाई का?"

"काय न्हाई तिला. झोप झाली न्हाई," मीच उत्तर दिलं.

ती बाटली धरून उभी राहिली. संपेपर्यंत. गायीनं ढेकर दिली, अंग थरथरवलं, शेण टाकलं आणि अर्ध्या तासात उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. गायीच्या.

डॉक्टरांची मोटरसायकल वळणावर गेली असेल-नसेल, मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. बायको गोठ्याच्या दारात पडली होती. डोळे वर, दातखिळी, सगळं अंग धनुष्यासारखं. मी हाका मारल्या, तिचं तोंड उघडायला बघितलं, काय काय केलं ते आठवत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून कोरेगाव, तिथून साताऱ्याचा दवाखाना. वाटेत तिला आणखी एकदा झटका आला. तिचे कान गार आहेत का ते मी बघत होतो. मला दुसरं काही येत नव्हतं.

साताऱ्याला तिला सलाईनमधून कॅल्शियम दिलं, छातीला वायरी लावून, अगदी हळू. एक तरुण डॉक्टर फाईल घेऊन माझ्याकडं आले.

"गोळ्या चालू होत्या?"

"न्हाई."

"कुणी बंद केल्या?"

विचार करायला मला वेळ लागला नाही, हेच मला आजही सहन होत नाही. "तिनंच," मी म्हणालो. "लय सांगितलं. ऐकत न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा तेच डॉक्टर तिला माझ्यासमोर रागावले. मरायचं होतं का, घरच्यांचा तरी विचार करायचा. ती त्यांच्याकडं बघत होती, मग माझ्याकडं बघितलं. मी सलाईनच्या नळीकडं बघत होतो.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं माझं."

ती तसं का म्हणाली हे मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

तिथून ते खोटं आपल्या पायानं चालायला लागलं. जतहून तिचे वडील आले, वाकून माझे हात धरले. "जावईबापू, पोरगी पहिल्यापासनं हट्टी हाय. सांभाळून घ्या." मी म्हणालो, "चालायचंच." मुलगी बाहेरगावी शिकायला. तिनं फोनवर आईला झाडलं, "आई, तू इतकी अडाणी कशी गं?" तेव्हापासून मुलीच्या हुकुमानं माझी बायको रोज तीन वेळा तळहातावर गोळी ठेवून तिचा फोटो मुलीला पाठवते. चार वर्षं. गोळी कधी चुकली नाही. घरात कुणी आलं की विचारणार, "काय, आता तरी घेती का वेळेवर?" आणि ती हसून म्हणणार, "घेते बाई."

गेल्या हिवाळ्यात तिला पुन्हा मुंग्या यायला लागल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही झाला होता. कॅल्शियम फार काळ कमी राहिलं की कमी वयातही होतो म्हणे. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं तर आधी कॅल्शियम जागेवर यायला हवं. सांगलीला गेलो. आता तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी साताऱ्याचे कागद जोडून जाड झालेली फाईल चाळली.

"मावशी, परत चुकवल्या ना गोळ्या?"

"न्हाई ओ. घेते की."

"रिपोर्ट वेगळं सांगतोय."

डोस वाढला. महिन्यानं पुन्हा गेलो, कॅल्शियम तिथंच. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा डोस वाढला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडं वळल्या. "तुम्ही समोर बसून घ्यायला लावा. अशा पेशंटना घरच्यांनीच धाक लावावा लागतो."

बाहेर बाकावर बसलो. तिच्या हाताची बोटं पुन्हा जवळ यायला लागली होती, ती दुसऱ्या हातानं ओढून सरळ करत होती.

"मी खरंच घेते," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "कुणी ऐकत न्हाई माझं. तुमी तरी सांगा."

चार वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी बसून राहिलो. मला आठवतं, समोर एक बाई लहान मुलाला केळं सोलून देत होती, ते खाऊन होईपर्यंत मी बसून होतो. मला भीती वाटत होती. कशाची ते सांगतो: मुलगी माझ्याशी बोलायची बंद होईल याची. बायको मरेल याची भीती त्या क्षणी दुसरी होती. मग तिचा एका बाजूचा ओठ उडाला, कुणी टिचकी न मारता, आणि मी उठलो.

आत दुसरा पेशंट होता. त्याच्यासमोरच बोललो.

"ह्या फाईलीत लिहिलंय ते खोटं हाय. गोळ्या तिनं बंद केल्या न्हवत्या. मी केल्या. ती घेत हुती, मी काढून घेतल्या. नंतर तिनं एक दिवस चुकवलेली न्हाई. फोटो हायत रोजचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला आत बोलावलं, आणि पहिल्यांदा वेगळा प्रश्न विचारला. "मावशी, या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?"

ॲसिडिटीची कॅप्सूल. दोन वर्षं, रोज सकाळी उपाशीपोटी. मेडिकलातून मीच आणून द्यायचो.

पोटातलं आम्ल कमी झालं की ही कॅल्शियमची गोळी नीट विरघळत नाही, बाई म्हणाल्या. शिवाय ती कॅप्सूल फार दिवस घेतली की मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि ते उतरलं की कॅल्शियम कितीही दिलं तरी टिकत नाही. त्यांनी लगेच रक्त घेतलं. मॅग्नेशियम फारच खाली होतं.

"हे मी पहिल्या खेपेलाच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. पूर्ण करायची गरज नव्हती.

तिला दाखल करून घेतलं. सलाईन लावायला अवकाश होता. आम्ही वॉर्डाच्या बाहेर उभे होतो.

"सांगितलं," मी म्हणालो.

"ऐकलं. दार उघडंच हुतं."

मी काहीतरी बोलायला गेलो. माफी-बिफी. तिनं हात वर केला, तो अजून पुरता सरळ होत नव्हता.

"ते ऱ्हाऊ द्या. पोरीला सांगा."

"घरी गेल्यावर निवांत…"

"आत्ता. माझ्यापुढं."

मी फोन लावला. मुलीला वाटलं आईचं काही बरंवाईट झालं, "काय झालं, काय झालं" करायला लागली. मी सगळं सांगितलं. डेअरीवरचं हसणं, फळीवरची पिशवी, गोठ्यात वळलेला तिचा हात, साताऱ्याचा दवाखाना. मध्येच एकदा ती म्हणाली, "बाबा, थांबा." मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सगळं सांगून झालं.

"आईला द्या," ती म्हणाली.

मी फोन दिला. बायको भिंतीला हात लावत, धुकट दिसतं म्हणून पाऊल चाचपत, खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. माहेरच्या माणसांशी बोलावं तसं कानडीत बोलत होती. मुलीला तेवढं कानडी येतं. मला येत नाही. मधूनमधून तिची पाठ हलत होती, रडत होती की आणखी काही, मला पाठीमागून ओळखता आलं नाही. नर्स सलाईन घेऊन आली आणि विचारलं, पेशंट कुठाय. मी खिडकीकडं बोट दाखवलं. तिनं हाक मारली तरी बायको वळली नाही. तिचं बोलणं संपलं नव्हतं.