गरमवाली मॅडम

वाफ दिसली नाही तर काकू बशीला हात लावत नसत. बशी समोर आली की त्या चष्मा काढायच्या, चेहरा जरा खाली न्यायच्या आणि गालाला ऊब लागते का ते बघायच्या. नाही लागली तर बशी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायच्या. "परत ने." आवाजात राग नसायचा आणि विनंतीही नसायची. आमच्या किचनमध्ये त्यांचं नाव 'गरमवाली मॅडम' असं पडलं होतं. कुक प्रेम नेपाळचा. ऑर्डरच्या चिठ्ठीवर कोपऱ्यातल्या टेबलाचा नंबर दिसला की तो म्हणायचा, "गरमवाली आ गयी," आणि ओव्हनचं बटण आणखी पुढे फिरवायचा.

मी तेव्हा दुबईच्या पलीकडे, रास अल खैमाला एका जुन्या हॉटेलच्या पबमध्ये वेट्रेस होते. शहर संपून डोंगर सुरू होतात आणि खडीचे ट्रक धुरळा उडवत जातात, त्या रस्त्यावर ते हॉटेल होतं. पब अगदी इंग्लंडच्या खेड्यातला वाटावा असा केलेला. छताला काळ्या तुळया, भिंतीवर घोड्याचे लगाम, एका बाजूला खोटी शेकोटी. बाहेर अंग भाजत असताना आत शेकोटीत विजेच्या ज्वाळा हलायच्या आणि एसीमुळे लोक जॅकेट घालून बसायचे. गिऱ्हाईक म्हणजे बंदरावरचे गोरे, खाणीतले इंजिनिअर आणि सुट्टीला दुबईहून डोंगर चढायला आलेली मंडळी. पातळ नेसलेली, पायांत स्पोर्ट्स शूज घातलेली पासष्टीची बाई एकटी येऊन बसेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आली ती ऑगस्टमधल्या एका दुपारी. औषधं आणायला निघाली होती, ऊन सोसेना म्हणून दार ढकलून आत. मी पुढे होऊन म्हटलं, "आंटी, फॅमिली रेस्टॉरंट बाजू में है." आणि सवयीने तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "किती घामाघूम झाल्यात."

"मराठी आहेस?"

"हो. वसईची. फिलोमिना."

"मग हिंदी पुरे. फॅमिली घरी आहे, फिलू. मी एकटी आहे. बसायला मिळेल का?"

मेनूकार्ड त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. प्रत्येक किंमत रुपयांत करून मोठ्याने म्हणायच्या, "अरे देवा" म्हणायच्या आणि पुढच्या पदार्थाकडे वळायच्या. 'शेफर्ड्स पाय' हे वाचून त्या खूश झाल्या. शेफर्ड म्हणजे धनगर हे त्यांना ठाऊक होतं, आणि धनगराकडचे पाय म्हणजे पायांचा रस्सा असणार अशी त्यांची खात्री झाली. मी खिमा आणि वर कुस्करलेला बटाटा असलेली खोल बशी आणून ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. "आमच्या कऱ्हाडकडच्या धनगरांना हे कोणी सांगितलेलं नाही," म्हणाल्या. मग गाल खाली नेला, आणि त्या दिवशी ती बशी पहिल्यांदा परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा वाफ होती. सगळी खाल्ली.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी काकू यायच्या. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि गुरुवारी मीटिंगमुळे घरी जेवायला येत नसे. सून शाळेत शिकवायची. नातू आठ वर्षांचा. आजीने मराठीत काही विचारलं की तो आयपॅडवरून मान न उचलता "I'm okay, Aaji" म्हणायचा. काकू हे सांगायच्या, पण तक्रारीच्या सुरात नाही. "त्याची भाषा तीच आहे, काय करणार. पण पाय चेपून देतो, हं."

एकदा बशी परत नेताना मी जरा कुरकुरले. प्रेमचा मूड ठीक नव्हता आणि बोलणी मला खावी लागत होती. म्हटलं, "काकू, तेवढी काही गार नाहीये. चालवून घ्या ना आज."

त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ड्यूटीवर बसता येत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग उभ्याने ऐक. लग्न होऊन आले तेव्हा घरात ही एवढी माणसं. आधी पुरुष जेवणार, मग मुलं, मग सासूबाई, मग मोठ्या जावा. मी सगळ्यांत धाकटी. माझ्यापर्यंत यायचं तेव्हा भाजीवरचं तेल थिजलेलं असायचं. पुढे आमचं वेगळं झालं. यजमान म्हणायचे, तूही बस. मीच म्हणायची, तुमचं होऊ दे. इथे आले तर पोरगा एका वेळी येतो, सून एका वेळी, नातू एका वेळी. प्रत्येकाला गरम करून वाढते. माझं ताट मायक्रोवेव्हमध्ये फिरतं, कडेला चटका बसतो आणि मधोमध गारच. पासष्ट वर्षं चालवून घेतलं, फिलू. आता नाही घेणार."

मी बशी उचलली आणि आत गेले. त्यानंतर त्यांच्या बशीबद्दल मी कधी बोलले नाही, आणि प्रेमलाही बोलू दिलं नाही.

खाणं झालं की काकूंचा दुसरा कार्यक्रम असायचा. आमच्याकडे डार्ट्सचा बोर्ड होता. तिथे रॉन नावाचा एक म्हातारा इंग्रज रोज एकटाच खेळायचा. बंदरावरून रिटायर झालेला, बायको गेलेली, परत जायला घर नाही. एके दिवशी काकू त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. त्याने बाण दिला. काकूंनी पदर खोचला आणि लगोरीचा चेंडू फेकावा तसा खालून फेकला. बाण लगामात जाऊन अडकला. रॉन इतका हसला की त्याला खोकला आला. काकू शेवटपर्यंत तशाच खेळल्या, आणि सुधारणा शून्य. "भिंतीला तर लागला ना," म्हणायच्या. त्या मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत, आणि दोघांची भांडणं व्यवस्थित व्हायची.

बीअरचंही सांगते, कारण पुढे त्यावरून बरंच झालं. त्या नेहमी लिंबू सोडा घ्यायच्या. एका गुरुवारी रॉनच्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याची चव कशी असते?" मी छोट्या ग्लासात थोडी आणून दिली. दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं. "कडू आहे. पण कळलं एकदाचं." आणि परत लिंबू सोडा. एवढंच.

आमचे मॅनेजर थॉमससर कोट्टायमचे. स्वभावाने चांगला माणूस, पण मालकाला फार घाबरायचा. हॉटेलच्या पेजवर टाकायला त्यांना गिऱ्हाइकांचे हसरे फोटो लागायचे. काकूंचा बाण मारतानाचा एक फोटो त्यांनी टाकला. पदर खोचलेला, एक डोळा मिटलेला, मागे रॉन ग्लास घेऊन हसतोय. खूप लोकांना आवडला. त्यांत काकूंच्या मुलाचे साहेबही होते.

पुढच्या गुरुवारी मुलगा आला. कारखान्याचे बूट, गळ्यात ओळखपत्र. मी नुकतीच बशी ठेवली होती.

"आई, चल."

"बस की. खाऊन जा."

"इथे नको. घरी बोलू आपण."

"घरी तू बोलतोस, मी ऐकते. इथे बोल."

तो बसला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "जीएमने सगळ्यांसमोर फोन पुढे केला. विचारतो, is this your mother? मी काय सांगायचं?"

"हो म्हणायचं."

"आई, इथले लोक बोलतात. सगळ्यांना वाटतंय तू पितेस."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, आंटी फक्त लिंबू सोडा घेतात."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. "त्याला कशाला सांगतेस, फिलू? बीअर पण घेतली होती मी. दोन घोट. आणि दोन ग्लास घेतले असते तरी त्याची आई मीच होते." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "मी सोडा पिते म्हणून मला माफ करू नकोस. मला नकोय तसली माफी."

"खलास, आई. हे बंद," तो म्हणाला. जाताना काउंटरवर थॉमससरांशी बोलला. कारखान्याची वर्षाची पार्टी आमच्याकडे व्हायची, एवढी आठवण करून दिली असणार. कारण तो गेल्यावर सरांनी मला बोलावून सांगितलं, "From next week, no table for her. Politely."

पुढच्या गुरुवारी कोपऱ्यातल्या टेबलावर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी होती. पब जवळजवळ रिकामा. काकूंनी पाटी वाचली, मला विचारलं, "कोण येणार आहे?"  माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी पाटी उचलली आणि सरळ काउंटरवर नेऊन थॉमससरांसमोर ठेवली.

त्यांचं हिंदी कऱ्हाडचं, सरांचं कोट्टायमचं. तरी प्रत्येक शब्द पोचला. "ये बोर्ड मत रखो. मेरे को ना बोलना है तो मुँह से बोलो. बोलो, आप को खाना नहीं देंगे. मैं चली जाएगी."

 रॉनने हातातला बाण खाली ठेवला. किचनच्या खिडकीतून प्रेम डोकावला. काकू घाई न करता उभ्या होत्या, हात काउंटरवर, जणू बसची वाट बघताहेत. सरांनी दोनदा तोंड उघडलं. शेवटी मान खाली घातली आणि स्वतःच्या हाताने ऑर्डर मशिनमध्ये घातली. "One shepherd's pie," मला म्हणाले, आणि जरा थांबून, "Very hot."

पब असा जिंकला, पण घर तसं जिंकता येणार नव्हतं. काकूंचा व्हिसा मुलाच्या नावावर होता आणि त्याची मुदत संपत आली होती. मुलाने अट घातली की पबमध्ये जाणं थांबवलं तर व्हिसाची मुदत वाढवतो, नाहीतर काही दिवस गावी राहून ये. 'काही दिवस' म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. काकूंनी हे मला बाण हातात घेऊन सांगितलं. "वाईट नाही तो. लोकांना घाबरतो. मीही घाबरायचे, तेच बघून वाढलाय."

मी म्हटलं, "काकू, एवढ्यासाठी? गुरुवारचं एक जेवण. सोडून द्या ना. नातवाशिवाय राहवेल तुम्हाला?"

त्यांनी बाण खाली ठेवला. 

"नाही राहवणार," म्हणाल्या. "तरी जाते."

जायच्या दिवशी विमान संध्याकाळचं, दुबईहून. वाटेत पबमध्ये थांबायचं, नाहीतर टॅक्सी करून जाते, असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. तो बॅगा गाडीत ठेवून आत आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. काकूंनी आपल्यासाठी नेहमीचं आणि त्याच्यासाठी फिश अँड चिप्स मागवलं. प्रेमने काकूंची बशी आधी काढली. मी टेबलावर ठेवली, वाफ चांगली वर येत होती. मुलाने घड्याळ बघितलं आणि हाताची घडी घालून बसून राहिला. आई आपल्यासाठी थांबणार, हे त्याने धरलेलंच होतं.

"तुझं येईल," काकू म्हणाल्या. "मी सुरू करते."

आणि त्यांनी चमचा आत घातला. मुलगा बघत राहिला. मला वाटतं, आईला जेवताना त्याने नीट असं कधी बघितलंच नव्हतं. त्याची बशी आली तेव्हा काकूंचं अर्धं झालं होतं.  निघताना आईची खुर्ची त्याने मागे ओढून दिली, आणि काकूंनी रॉनशी शेकहँड करेपर्यंत दारात थांबला. रॉन म्हणाला, "Who will miss the board now?" आता बोर्ड कोण चुकवणार, असं मी भाषांतर केलं. काकू म्हणाल्या, "त्याला सांग, सराव कर."

व्हिसाची मुदत वाढली नाही. मुलगा आता दर सुट्टीत नातवाला घेऊन कऱ्हाडला जातो, एवढं मला काकूंकडून कळतं. मी ते हॉटेल सोडून दुबईला आले. आमचे फोन चालू असतात. मध्यंतरी त्या सांगत होत्या की गावात नवीन परमिट रूम झाली आहे, खाणं बरं असतं. पहिल्या दिवशी वेटर म्हणाला, बायकांसाठी वर फॅमिली सेक्शन आहे. काकू खालीच बसल्या, पुरुषांच्या मधल्या टेबलावर. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या बाईंना घेऊन गेल्या. मग त्यांची नणंद आली. मग एक रिटायर झालेल्या नर्सबाई. आता चौघी असतात, दर गुरुवारी.

मी विचारलं, "मालक काही म्हणत नाही?"

"म्हणतो की," काकू म्हणाल्या. "आम्ही जेवत असतो, तो म्हणत असतो."