टाकीचे चार दिवे

त्या घरात मला हाक मारायला एकच कारण होतं, ते म्हणजे टाकीतलं पाणी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आले आणि गच्चीवरची एक खोली भाड्याने घेतली. खाली घरमालक राहायचे, अक्का आणि अण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेलं. मराठी फक्त घरात उरली होती आणि तिच्यातही बरंच कन्नड मिसळलं होतं. मी मराठी आहे एवढ्यावर त्यांनी खोली दिली. "आपलीच पोर आहे," अक्का माझ्यासमोरच अण्णांना म्हणाल्या आणि मी जमिनीकडे बघत राहिले. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं होतं. घरी मराठी बोलायचे, पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला कुठलीच भाषा यायची नाही.

पाण्याची टाकी माझ्या दाराला लागूनच होती. नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं. ते अंगणाखालच्या हौदात साठायचं, तिथे त्याला सगळे संप म्हणतात. संपातून मोटरने पाणी वर टाकीत चढवायचं, आणि मोटरचं बटण होतं खाली अक्कांच्या स्वयंपाकघरात. गुडघ्यांमुळे अक्कांना जिना चढवत नसे. म्हणून सकाळी मी निघायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर त्या जिन्याच्या तळाशी उभ्या राहायच्या आणि वर तोंड करून ओरडायच्या, "स्वल्प टाकी बघ गे!" स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये जरा.

मी झाकण उचलून डोकवायचे आणि कठड्याशी येऊन सांगायचे, "अर्धी."

"अर्धीच्या वर की अर्धीच्या खाली?"

"खाली. थोडी."

"थोडी म्हणजे? वीतभर की बोटभर?"

"बोटभर."

"सरी, बरं. मोटर घालते. भरली की सांग. आणि ते केस पूस आधी, पाणी गळतंय खाली."

एवढंच. पण दिवसभरात कामाखेरीज माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच असायचं. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत होतं. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसायचे आणि पुस्तक उघडून धरायचे, म्हणजे शेजारचीला वाटावं की ही वाचते आहे. दुपारी सगळे घोळका करून कँटीनला जायचे. सुरुवातीला मलाही विचारायचे. मी दोनतीनदा "नंतर येते" म्हटलं, मग विचारणं बंद झालं. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

त्या हाकेची मला लाज मात्र वाटायची. माझं उत्तर अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. समोरच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालता घालता हसायच्या. "एनम्मा, इवत्तू अर्धाना?" आजही अर्धीच का, असं त्या विचारायच्या, आणि मी कानापर्यंत तापून आत पळायचे. त्यांना वाईट काही म्हणायचं नसणार. पण रोज दोन वेळा गच्चीवर उभं राहून ओरडायचं हे मला परीक्षेसारखं वाटे. मी इंजिनिअर होते. यावर काहीतरी करता येईल असं मनात आलं, आणि एकदा आलं की ते डोक्यातून जाईना.

माझ्याकडे एक जुना संगणक होता, कंपनीने काढून टाकलेला. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स घातलं होतं. कुणालाही फुकट घेता येईल, उघडून बघता येईल, बदलता येईल अशी ती प्रणाली. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून ती लिहीत होती आणि एकमेकांना ईमेल पाठवत होती. मला ते फार आवडायचं. त्या लोकांत आपणही कुणीतरी आहोत असं वाटे, आणि त्यासाठी कुणाकडे बघावं लागत नसे.

अण्णांचं पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मी भीत भीत विचारलं तेव्हा त्यांनी स्टीलच्या पट्ट्या कापून आणल्या. वेगवेगळ्या उंचीच्या चार पट्ट्या आणि तळापर्यंत जाणारी एक. पाणी ज्या पट्टीला टेकेल तिच्यातून किंचित वीज वाहणार, ती वायरीने माझ्या संगणकाच्या प्रिंटरच्या खाचेपर्यंत येणार, आणि मी लिहिलेला प्रोग्राम ती वाचून खाली स्वयंपाकघरात दिवे लावणार. पाव, अर्धी, पाऊण, भरलेली. एस. पी. रोडवरच्या दुकानांतून मी बाकीचे सुटे भाग आणले. दिव्यांची डबी अण्णांनीच भिंतीवर ठोकली.

"आता ह्या पोरीला गच्चीवर ओरडायला नको," ते म्हणाले.

"ओरडते कुठे ती?" अक्का म्हणाल्या. "मांजर बरी. निदान दूध मागते." मग त्यांनी डबीला हळदकुंकू लावलं आणि वर माझ्या संगणकालाही लावायला मला कुंकवाची पुडी दिली. मी लावलं.

दिवे लागले तेव्हा त्या खरंच खूश झाल्या. शेजारणींना बोलावून दाखवलं. "वरची पोर, तिने केलं." त्या दिवशी मी जिन्यात बसून ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. येणार नव्हतीच. मी केस पुसत दारात उभी होते आणि खालून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. टाकीत पाणी पडायला लागलं. मग मोटर बंद झाली. सगळं माझ्याशिवाय झालं. मला हवं होतं तसंच झालं होतं, म्हणून मी स्वतःला सांगितलं की छान झालं, आणि बसला गेले.

संध्याकाळी परत यायचे तेव्हा अक्कांच्या घरात टीव्ही चालू असे. पूर्वी गेट वाजलं की त्या बाहेर येत. आता यायचं काम उरलं नव्हतं. मी पाय न वाजवता वर जायचे. सवयच तशी होती.

मग मी त्या संगणकावर आणखी कामं शोधत बसले. एक छोटं पान बनवलं, घरच्या संगणकावर चालणारी आपली स्वतःची वेबसाइट. त्यावर टाकीची पातळी चढत्या उतरत्या रेघेत दिसायची. माझ्याकडे फोनची लाइन नव्हती, त्यामुळे बाहेरच्या कुणाला ते पान उघडता येणं शक्यच नव्हतं. पान कुणी पाहिलं याची नोंद संगणक आपोआप ठेवायचा. एकदा मी ती वाचली. प्रत्येक ओळीत मीच होते.

प्रोग्राम मात्र मी फ्लॉपीवर घालून ऑफिसात नेला आणि असल्या कामांत रस असणाऱ्या लोकांच्या ईमेल यादीवर पाठवून दिला. कुणालाही वापरता येईल, बदलता येईल, असं वर लिहिलं. खाली नावाची फक्त आद्याक्षरं घातली. परदेशातून एका माणसाचं उत्तर आलं. त्याच्या तळघरात बर्फ वितळला की पाणी साचायचं, त्यासाठी तो माझा प्रोग्राम वापरणार होता. तो मला पुरुष समजत होता. मी ते तसंच राहू दिलं.

काही आठवड्यांनी दिवे फसवायला लागले. टाकी भरून वाहिली तरी खाली एकच दिवा जळत होता. गच्चीवरून पाणी समोरच्या गल्लीत धबाधबा पडलं आणि खालून आवाज आला, "अय्यो, टाकी बघ गे! तुझा दिवा खोटं बोलतो!"

मी धावले. झाकण उघडलं. "भरली! बंद करा!" इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

"केली बंद! भिजलीस काय?"

"थोडी!"

"आधी कोरडी हो, नाहीतर सर्दी घेऊन बसशील. तुझ्या आईला मी काय सांगू?"

पुढचे काही दिवस पूर्वीसारखेच गेले. सकाळी हाक, संध्याकाळी हाक, वीत आणि बोट. समोरच्या बाईंनीही विचारलं, "अर्धाना?" आणि मी चक्क मान हलवली. ऑफिसात बसून मी संध्याकाळची वाट बघते आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि तरीही दुपारी यादीवर लिहिलं की पट्ट्यांवर थर बसतोय, काय करावं.

तळघरवाल्याने उत्तर दिलं. पट्ट्यांतून सतत वीज वाहू देऊ नकोस, वाचायच्या क्षणापुरतीच सोड आणि लगेच बंद कर, म्हणजे थर धरणार नाही. प्रोग्रामात तसा बदल करूनही पाठवला होता. शेवटी सहज विचारल्यासारखं लिहिलं होतं, हे पाणी कोण पितं? तुझ्याकडे घरात किती माणसं आहेत?

मी उत्तर लिहायला घेतलं. खाली दोघं राहतात, मी वर एकटी राहते, असं लिहिलं. मग ते पुसलं. बदलाबद्दल आभार, तपासून कळवते, एवढंच पाठवलं. त्यानेही पुढे कामापुरतंच लिहिलं.

शनिवारी मी पट्ट्या घासल्या, नवा प्रोग्राम चढवला. हे करताना मला नीट ठाऊक होतं की दिवे पुन्हा खरे बोलायला लागले की माझी हाक जाणार. तसंच ठेवायचं म्हटलं तर मी नसताना पाणी वाया जात होतं, अक्का दर वेळी घाबऱ्या होत होत्या, आणि बिघडलेली वस्तू मला बघवत नसे. दुसऱ्यासाठी काय करायचं तर बिघडलेलं चालू करून द्यायचं, एवढंच मला येत होतं. दिवे चालू झाले. अक्का खालूनच म्हणाल्या, "आयतु, झालं बरं का!" आणि आत गेल्या.

रविवार गेला. सोमवार, मंगळवार गेले. त्या आठवड्यात बसमधल्या खिडकीत मला माझा चेहरा दिसायचा आणि वाटायचं, हिला आज कुणी नावाने हाक मारली का? मग एका संध्याकाळी गेट लावून मी जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीपाशी थांबले. इतक्या महिन्यांत मी त्या घरात नेहमी उत्तरच दिलं होतं. आपण होऊन कधी कुणाला हाक मारली नव्हती.

दाराशी जाऊन मी म्हटलं, "अक्का."

टीव्हीच्या आवाजात ते बुडालं. मला परत फिरता आलं असतं. कुणी पाहिलंच नव्हतं.

"अक्का!"

त्या हात पुसत बाहेर आल्या. "काय गे? दिवा गेला काय?"

"नाही."

"पाणी?"

"नाही. पाणी आहे."

"मग काय झालं?"

वाटेत एखादं कारण शोधायला हवं होतं, साखर, काडेपेटी, काहीही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना समजलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलीस. अवरेकाळू भिजवलेत मोठं पातेलं भरून, अण्णा काही हात लावत नाहीत. सोलता येतात काय तुला?"

"नाही."

"पुण्यात काय शिकवतात मग? ये."

थंडीत मिळणाऱ्या त्या घेवड्याचे भिजवलेले दाणे दोन बोटांत धरून दाबले की सालातून टुणकन बाहेर उडतात. माझे पहिले काही टीव्हीखाली गेले. अण्णा हसले आणि पाय वर घेऊन बसले. मग अक्का आणि ते कुणाच्यातरी लग्नाबद्दल कन्नडमध्ये बोलत राहिले. मला फारसं कळत नव्हतं आणि मला कुणी काही विचारलं नाही. मी दाणे सोलत होते. बोटं सुरकुतली, पातेल्यातलं पाणी गढूळ होत गेलं. सालींचा ढीग वाढला तशी अक्कांनी न बघताच दुसरी ताटली माझ्याकडे सरकवली.