नेट गेलंय, माणूस पाठवा

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. वायर जिथं जाते तिथं आपण जायचं, आणि वायर पलंगाखालून, देव्हाऱ्यामागून, माळ्यावरून, कुठूनही जाते. बारा वर्षं मी कामशेतच्या एका छोट्या केबलवाल्याकडं घरोघरचं इंटरनेट दुरुस्त करतोय. संध्याकाळी चहाला जमलो की कुणीतरी सुरू करतंच, आणि मग कुणी घरी जायचं नाव घेत नाही.

*

तक्रारीचे फोन शोभाताई घेतात. पूर्वी त्या सरळ विचारायच्या, वायर नीट लागलीय का. लोकांना राग यायचा. एक प्राध्यापक तर म्हणाले, मी काय अडाणी वाटलो का तुम्हाला?

तेव्हापासून ताई विचारत नाहीत, सांगतात. राउटरच्या मागची वायर पूर्ण काढा, वीस आकडे मोजा आणि परत लावा, आत चार्ज साठतो. आत चार्ज-बिर्ज काही साठत नाही. पण माणूस उठून राउटरच्या मागं जातो, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मग पडलेल्या आवाजात "हां... आलं." वायर मुळात लागलेलीच नव्हती, हे आजवर एकानंही कबूल केलेलं नाही. त्या प्राध्यापकांनी तर वर ऐकवलं, "तुमच्या राउटरमध्ये चार्ज फार साठतो हो!"

*

पवनेच्या बाजूला एका वस्तीवर आबांचं नवं घर आहे. त्यांची सून घरून एका कंपनीचं काम करते. राउटर बाहेरच्या खोलीत, तिथून वायर आत तिच्या कॉम्प्युटरला. नेट सारखं जातंय म्हणून मी गेलो, तर व्यवस्थित चालू. चहा घेऊन निघालो आणि कामशेतला पोचतोय तोच फोन, गेलं म्हणून. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

आबा वैतागले. "तू आलास की येतंय, तू गेलास की जातंय. लय झालं. आता हितंच ऱ्हा."

मीही चिडलो होतो. खरंच ठाण मांडून बसलो. तासभर नेट झक्कास चाललं. मग कोंबड्या आत यायला लागल्या म्हणून आजी उठल्या, त्यांनी मधलं दार लोटलं, आणि आतून सून ओरडली, "गेलं!"

आबांच्या मेव्हण्यानं वायर दाराच्या चौकटीतून ओढली होती. दार मिटलं की ती चेंगरायची. पाहुणा घरात असला की दार उघडं, पाहुणा गेला की बंद. मी भिंतीला भोक पाडून वायर तिकडून नेली. आबांनी त्या भोकाशी वाकून पाहिलं.

"एवढ्यासाठी तीन चहा पाजले व्हय तुला?"

*

देहूरोडचे साळवेकाका माझ्या वडिलांबरोबर लष्कराच्या डेपोत स्टोअरला होते. निवृत्त झाले तरी घरात प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला चिठ्ठी. एक दिवस त्यांच्या घरातलं सगळंच बंद पडलं. टीव्ही, कॉम्प्युटर, सगळं. राउटरचे दिवे मात्र वेड लागल्यासारखे लुकलुकत होते.

तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, राउटरमधून निघालेली एक वायर परत त्याच राउटरमध्ये घुसलीय. टेबलामागं एक टोक मोकळं लोंबकळत होतं, ते काकांना बघवलं नाही. शेजारी भोक रिकामं होतं, त्यात त्यांनी ते खोचून दिलं. राउटर बिचारा स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवत बसला होता, दुसऱ्या कुणासाठी त्याला सवडच नव्हती. ते टोक काढलं आणि सगळं सुरू झालं.

काकांना चूक पटली नाही. "रिकामं भोक ठेवायचंच कशाला?" असं म्हणाले. पुढच्या वेळी गेलो तर राउटरच्या प्रत्येक रिकाम्या भोकावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'हे रिकामेच असते.'

आता मीही नव्या गिऱ्हाइकांकडं तशा चिठ्ठ्या लावतो.

*

दुसऱ्यांचंच कशाला, माझंही सांगतो. शिरगावला एका मावशींचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे, दुकानामागंच घर. घरातलं नेट दर गुरुवारी जायचं. मी फोनवरच निदान करून टाकलं. गुरुवारी साईंच्या दर्शनाला गर्दी असते, सगळ्यांच्या हातात मोबाइल, लाइनवर लोड येतो. मावशींना पटलं. शोभाताईंना पटलं. मलाही इतकं पटलं की मी चार महिने तिकडं फिरकलोच नाही.

शेवटी एका गुरुवारी दर्शनालाच गेलो होतो, म्हणून मावशींकडं डोकावलो. गर्दीसाठी जादा मागवलेली नारळाची दोन पोती घराच्या भिंतीला लावलेली, बरोब्बर आमच्या वायरीवर. मी गुपचूप पोती सरकवली. मावशी म्हणाल्या, "झाला का लोड कमी?"

मी हो म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

*

लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एक बंगला आहे. मालकीणबाई मुंबईला मुलाकडं असतात. बंगला काशिनाथ सांभाळतो. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई मागच्या खोलीत राहतात. मुलानं बंगल्यात चार कॅमेरे बसवलेत, चारही एकाच वायरीवर. ते रोज पहाटे सहाच्या सुमाराला अर्धा तास बंद पडायचे आणि मुंबईत त्या मुलाचा, म्हणजे साहेबांचा, मोबाइल कोकलायचा. तीन तक्रारी झाल्यावर साहेबांनी मलाच फोन केला. कुणी मुद्दाम वायर काढत असेल तर स्पष्ट सांगा, मी त्याच दिवशी माणूस बदलतो, असं म्हणाले.

मी गेलो. लाइन स्वच्छ होती. राउटरच्या मागच्या बाकी वायरींवर धूळ बसलेली, कॅमेऱ्याची तेवढी चकचकीत, आणि तिच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप मोडलेली. रोज दाबल्याशिवाय ती अशी मोडत नाही. मी ती काशिनाथपुढं धरली. तो पायरीवर बसला आणि सरळ सांगून टाकलं.

आईचे गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही, आणि त्यांच्या खोलीचा संडास उकिडवं बसायचा. बंगल्यात मात्र मालकांच्या आजारपणात बसवलेला कमोड आहे, दोन्ही बाजूंनी धरायला दांडे. मालक गेले तेव्हापासून तो बंदच. काशिनाथ आईला धरून रोज पहाटे तिथं नेतो. वाट हॉलमधून, आणि हॉलमध्ये कॅमेरा.

"आई म्हणती, त्याच्या म्होरनं मी न्हाई जायची. म्हणून वायर काढतो. परत लावतो की. भाऊ, तुमी सांगायचं ते सांगा. पण हितनं गेलो तर तिला कुटं नेऊ?"

मला साहेबांचा राग आला, काशिनाथचाही आला. मी वायरीचा माणूस, हे माझ्या गळ्यात कशाला? नवी क्लिप लावली, फाटकाबाहेर आलो आणि मुंबईला फोन लावला. साहेब अंघोळीला गेले होते, फोन मालकीणबाईंनी उचलला. काय निघालं, त्यांनी विचारलं. क्लिप झिजली होती म्हणालो. किती वाजता बंद पडतं, विचारलं. मी वेळ सांगितली. मग त्यांनी वेगळंच विचारलं.

"काशिनाथची आई चालते का अजून?"

"धरून चालते."

"आमच्या ह्यांच्या बाथरूममधले दांडे घट्ट आहेत ना?"

मी पाहिले नव्हते, तरी आहेत म्हणालो.

"मग हॉलमधला कॅमेरा काढून न्या. मुलाचं मी बघते. काशिनाथला सांगा, बिघडलाय, दुरुस्तीला नेतोय. बाकी बोलू नका, म्हातारीला उगाच लाज वाटेल."

मी तसं सांगितलं आणि कॅमेरा काढून आणला. त्याला दीड वर्ष झालं. बाकीचे तीन कॅमेरे त्यानंतर एकदाही बंद पडले नाहीत.

परवा बाजारात काशिनाथ भेटला. भेटला की हमखास विचारतो, कॅमेरा झाला का दुरुस्त. मी म्हणालो, पार्ट मिळत नाहीये.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," तो म्हणाला. "घाई न्हाई."