गाडीतले सांडगे

बाळांनो, डिसेंबरात तुम्ही चँडलरला आलात, तेव्हा विमानतळावर माझ्या गाडीत बसल्याबसल्या धाकट्याने नाक मुरडलं आणि विचारलं, “आजी, व्हाय डझ युअर कार स्मेल लाइक आमटी?” सगळे हसले आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता लिहिते. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याने मध्येच काही गाळलं असं वाटलं, तर थोरलीने त्याला मागे जायला लावावं.

वास हिंगाचा आहे. मी दर उन्हाळ्यात गाडीत मुगाचे सांडगे वाळवते.

इथे मे महिना लागला की उन्हात बंद ठेवलेली गाडी आतून भट्टी होते. अंगणात सांडगे घातले तर काळे लांब शेपटांचे पक्षी येतात, आणि ते नाही आले तर धूळ येते. एकदा आजोबा वैतागून म्हणाले, “एवढी भट्टी दारात उभी आहे, तिच्यात घाल की!” ते चेष्टेत म्हणाले होते. मी खरंच घातले, आणि संध्याकाळपर्यंत ते खडखडीत वाळले. तेव्हापासून तीच रीत. एक ताट मागच्या सीटवर, एक पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, आणि पीठ खाली सांडू नये म्हणून त्या पुढच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा. गाडी विजेवरची आहे, उभी असतानासुद्धा फार तापली तर आपणहून थंड हवा सोडते. ती सोय मी बंद करून ठेवते, नाहीतर सांडगे मऊ पडतात.

आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सांडगे घालू की नको, असा बरेच दिवस विचार करत होते. एकटीला किती लागतात? मग म्हटलं, ईडन प्रेरीला तुमच्याकडे पाठवू. म्हणून घातले.

त्याच जूनमध्ये गाडीची थंड हवा कमी झाली. वाणसामान घेऊन घरी येईपर्यंत माझं ब्लाउज घामाने चिकटलं होतं आणि डोकं गरगरत होतं. हे मी बाबाला फोनवर सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं लगेच वाटलं.

“आई, हे सीरियस आहे,” तो म्हणाला. “कॉम्प्रेसर गेला असणार. इलेक्ट्रिक गाडीत तोच बॅटरीपण थंड ठेवतो. रस्त्यात बंद पडलीस तर?”

“सर्व्हिसवाल्यांना विचारलं. तीन आठवड्यांनी या म्हणाले.”

“तीन आठवडे तू ती चालवायची नाहीस. आणि खरं सांगू का? गाडी विकून टाक. इकडे ये. बेसमेंट तयार आहे.”

बेसमेंट चांगलं आहे, मी पाहिलं आहे. पण गाडी गेली की इथे मी घराच्या चार भिंतींत बसणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. इथे पायी जाण्यासारखं काहीच नाही. गाडी विकणं म्हणजे हे घर विकणं. आजोबांनी लावलेलं लिंबाचं झाड, सकाळी चहा घ्यायची पायरी, सगळंच. म्हणून मी म्हटलं, “मला आधी बघू दे.”

“तू काय बघणार आई?”

“शाळेत मुलांना विज्ञान शिकवलंय मी. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, एवढं येतं मला.”

त्यानंतर तो रोज संध्याकाळी ऑफिस संपल्यावर व्हिडिओ कॉल करू लागला. मी फोन स्टिअरिंगला टेकवून बसत असे. तो इंटरनेटवर वाचून सांगे, मी करून बघे. पहिल्या दिवशी मी थंड हवा येते त्या झडपेपुढे स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरला. येणारी हवा गार होती, फक्त अगदी थोडी येत होती.

“म्हणजे तुझा कॉम्प्रेसर ठीक आहे,” मी म्हटलं.

“माझा काय आई, गाडीचा!” तो पहिल्यांदाच हसला.

मग हवेचा फिल्टर. तो मी वसंतात बदललेलाच होता, तरी काढून पाहिला. स्वच्छ. तुम्ही दोघं त्याच्या खांद्यावरून डोकावत होतात, आठवतं का? थोरली म्हणाली, “आजी, यू लुक लाइक अ मेकॅनिक.” त्या आठवड्यात मी रोज पाचलाच केस विंचरून, गाडीत जाऊन बसत असे.

शेवटी हवा कुठून येते, ते बदलून पाहिलं. बाहेरची हवा घ्यायचं बटण दाबलं की झोत जोरात येई, पण कोमट. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की झोत मरे आणि बारीक शिटी वाजे.

“आतली हवा आत घ्यायची जागा कुठे असते रे?” मी विचारलं.

तो शोधत राहिला. “पॅसेंजरच्या पायापाशी, डॅशबोर्डच्या खाली. पण आई, तू वाकू नकोस, तुझे गुडघे...”

मी वाकलेच होते. टॉर्च लावला. आजोबांचं धोतर! खाली अंथरताना त्याची कड मी डॅशबोर्डखाली नीट खोचली होती, गादीची चादर खोचतो तशी. वाळवण झाल्यावर ताटं काढली, पण धोतर स्वच्छ दिसलं म्हणून तिथेच राहू दिलं. त्याची कड जाळीवर चिकटून बसली होती. ती ओढल्याबरोबर शिटी थांबली आणि माझ्या तोंडावर गार वाऱ्याचा झोत आला. हिंगाच्या वासाचा.

बाबा इतका हसला की त्याला बोलता येईना. “आई, बाबांचं धोतर? सीरियसली?” मग जरा वेळाने म्हणाला, “बरं. विकू नकोस.”

त्याने गाडीचं ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, माझी काळजी वाटते म्हणून. आता मी कुठे गेले, परत आले का, आत किती गार आहे, हे सगळं त्याला तिथे बसून दिसतं. त्यामुळे विचारायला फोन करावा लागत नाही. तो पुन्हा रविवारी करू लागला, पहिल्यासारखा. तक्रार नाही माझी. गाडी राहिली, घर राहिलं, मला हवं होतं तेच झालं.

पण पाच वाजले की अजून मी घड्याळाकडे बघते. यंदाचे सांडगे गेल्या आठवड्यात तुम्हाला पोस्टाने पाठवले. परवा मंगळवारी मी गाडीत जाऊन बसले आणि थंड हवा सुरू केली. कुठे जायचं नव्हतं. धोतराची घडी बाजूच्या सीटवर होती. थोड्या वेळाने फोन वाजला.

“आई, गाडी चालू दिसतेय. कुठे निघालीस?”

“कुठे नाही रे,” मी म्हटलं. “सांडगे मिळाले का?”