तापलेल्या पोकळीची बातमी

वांकिडीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभा दुर्गे संध्याकाळी गावच्या केबलवर मराठी बातम्या वाचत. शेतमजुराच्या घरातून टीव्हीवर आलेल्या त्या गावातल्या पहिल्याच.

एकदा केबलवाल्या सुरेंद्रने मथळा दिला, 'दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारा बोगदा सापडला!' बाईंनी आधी शास्त्रज्ञांचं मूळ निवेदन शोधून वाचलं. वाचता वाचता त्या खुर्चीतून उठल्याच.

"सुरेंद्रभाऊ, हा खोदेल बोगदा नाही. तापलेल्या, विरळ वायूचा पट्टा आहे. त्यातून कोणी जाणार नाही."

"मंग लोक काऊन पाहतीन?"

"खरी गोष्ट याहून भारी आहे. वाचू द्या मले."

कॅमेऱ्यासमोर त्या हातातल्या कागदाकडे पाहायचंच विसरल्या. जुने तारे फुटून झालेल्या तापलेल्या पोकळीत आपला सूर्य आहे, आणि तो पट्टा तिथूनच निघतो, हे सांगताना त्यांचा आवाज चढत गेला.

बातम्या संपताच फोन आला. बाजारात भाजी विकणाऱ्या गयाबाई बोलत होत्या.

"बाई, मंग आपून आत्ता त्या पोकळीतच हाओत?"

"हो. आत्ता बोलून राह्यलो, तवा बी."

"थांबा, घरच्यायले बलावतो. पुन्ना सांगा."

बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा सुरेंद्रही खुर्ची ओढून ऐकायला बसला.