साडेतीनशे डिग्रीचा बर्फ

“सायब, ह्यो तुमचा कॉम्प्युटर बर्फ बनवतंय का चहा?”

दामूशेठनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या बर्फाच्या कारखान्यात एका पत्र्याच्या पेटीसमोर उकिडवा बसलो होतो. पेटीत एक जुना पीसी होता आणि त्या पीसीत आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम. बर्फाच्या कारखान्यात बसून मला घाम फुटला होता. कॉम्प्रेसर बंद होता. टाकीतलं पाणी इतकं कोमट, की शेजारच्या बाईनं तान्ह्या पोराला आंघोळ घालायला आणलं असतं तरी मी नाही म्हणालो नसतो.

कारखाना भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. दामूशेठ तिथलेच, जुन्या भाईंदरचे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तेव्हा कारखानाही झोपतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की बोटी निघतात, आणि बोट बर्फाशिवाय निघत नाही. बर्फ नसेल तर पकडलेला पापलेट किनाऱ्याला येईपर्यंत स्वतःच बोटीतून उडी मारून पळेल अशा अवस्थेत जातो. दामूशेठनी सगळ्या नाखव्यांना, म्हणजे बोटवाल्यांना, शब्द दिला होता, बर्फ माझ्याकडून घ्या. पौर्णिमा तोंडावर आली होती आणि त्यांच्याकडे पेल्यात टाकायलासुद्धा बर्फ नव्हता.

आमच्या प्रोग्रॅमचं काम साधं. टाकीत ब्राइन असतं, म्हणजे खारं पाणी. ते शून्याच्या खाली नेलं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे उंच डबे बुडवतात, त्यांच्या होतात लाद्या. ब्राइन उणे दहाच्या वर गेलं की प्रोग्रॅमनं कॉम्प्रेसर चालू करायचा, खाली आलं की बंद. शिवाय कुठल्या महिन्यात रोज किती लाद्या लागतात, याचा एक तक्ता. दामूशेठचा धंदा तिथीवर चालतो, उधाण-भांग म्हणजे मोठी-लहान भरती, सगळं तिथीवर, म्हणून तक्ताही चैत्र ते फाल्गुन. जानेवारी-फेब्रुवारीला तिथं कोणी ओळखत नव्हतं.

प्रोग्रॅम लिहिला होता आमच्या मालकांनी, मेहतासाहेबांनी, स्वतःच्या हातांनी, सी भाषेत. आमचं ऑफिस म्हणजे मीरा रोडला सिल्व्हर पार्कात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा. एका बाजूला ब्यूटी पार्लर, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला. आमचा सगळा कोड गाठियाच्या वासात वाढला.

“सावंत,” मेहतासाहेब फोनवर म्हणाले, “सॉफ्टवेअर में कुछ नहीं है. एक साल से मक्खन जैसा चलता है ने? शेठ को बोलो कॉम्प्रेसर खोलो.”

कॉम्प्रेसरवाले अन्वरभाई शेजारीच पाना घेऊन उभे होते. त्यांना फोनमधलं सगळं ऐकू गेलं. मेहतासाहेबांचा आवाज फोन नसता तरी सिल्व्हर पार्कहून खारीला पोचला असता.

“खोलने को खोलूँगा,” अन्वरभाई म्हणाले, “पर एक बार खोला तो पूनम के पहले जुडेगा नहीं. पार्ट बाहर से आता है.”

“डायरेक्ट चालू करून बघा ना,” मी म्हणालो.

“साहब, अमोनिया की मशीन है. सेफ्टी सब तुम्हारे डब्बे में डाल दी तुम्हारे सेठ ने. डायरेक्ट करूँ और फट गई तो मेरी बीवी आपके घर रहने आएगी?”

माझं घर वन रूम किचन होतं. मी विषय सोडला.

फ्लॉपीवर प्रोग्रॅम घेऊन मी ऑफिसात आलो. तिथं तो चालला. मक्खन जैसा. पुन्हा खारीला गेलो, तिथं बंद. आठवडाभर माझी बाइक सिल्व्हर पार्क ते खारी अशी विणकामाच्या सुईसारखी ये-जा करत होती. वाटेतल्या एका खड्ड्यात बेडकाची पिल्लं वाढत होती. आठवड्याच्या शेवटी ती मला बघून बाजूला सरकायला लागली. दामूशेठच्या मागणीचे आकडे मात्र ऑफिसात नेता येत नव्हते. कुठली बोट कधी किती बर्फ उचलते हे खाडीपलीकडच्या वसईच्या कारखान्याला कळलं तर संपलंच, म्हणून ती फाईल कारखान्याबाहेर काढायची नाही, असा त्यांचा नियम. आमच्याकडे टेस्टिंगला मेहतासाहेबांनी मनानं भरलेले आकडे होते.

शेवटी मी सी शिकलेला प्रत्येक माणूस थकल्यावर करतो तेच केलं. प्रिंटएफ टाकला. प्रिंटएफ म्हणजे, बाबा रे, तू आत्ता कुठं आहेस आणि तुझ्या मनात काय आहे ते पडद्यावर लिही, असं प्रोग्रॅमला सांगणं. त्यासाठी तक्त्याच्या खालच्याच ओळीत एक नवा आकडा ठेवला, त्याचं नाव ‘चेक’, किंमत शून्य. पुन्हा कंपाइल केलं.

कंपाइल म्हणजे काय तेही सांगतो. आपण लिहिलेलं मशीनला कळत नाही. मधे कंपायलर नावाचा दुभाष्या लागतो. हा दुभाष्या अर्धविरामाच्या बाबतीत हेडमास्तर. एक अर्धविराम विसरा, पानभर ओरडतो. पण तुम्ही मशीनला विहिरीत उडी मारायला सांगितलंत आणि अर्धविराम जागच्या जागी असले, तर तो एक अक्षर बोलत नाही. वर विहिरीचा रस्ता छोटा करून देतो.

फ्लॉपी घातली. पडद्यावर आलं: उणे दहा, म्हणजे कॉम्प्रेसर लावायची मर्यादा. आणि कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. अन्वरभाईंनी मला मिठी मारली. माझ्या शर्टावर त्यांच्या ग्रीसचा जो पंजा उमटला, तो शर्ट फाटला तरी गेला नाही.

मी तिथंच, पेटीतल्या पीसीवर, प्रिंटएफ आणि ‘चेक’ काढून पुन्हा कंपाइल केलं. कॉम्प्रेसर बंद. पुन्हा घातले. चालू. काढले. बंद.

दामूशेठ कमरेवर हात ठेवून हे बघत होते. “सायब, तुम्ही इंजिनेर हाव का भगत? नुसता मंतर घातला का चालतंय, काढला का पडतंय!”

मी मेहतासाहेबांना फोन लावला.

“तो रहने दो ने अंदर!” ते आनंदानं ओरडले. “एक लाइन जास्ती है, क्या बिगडता है? चालू है तो चालू रहने दो. बिल भेजता हूँ.”

खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. डोळे चुरचुरत होते, कंबर मोडली होती. पण दामूशेठनी माझ्या हातातून फोन घेतला.

“मेहताशेठ, आज चालतंय. उद्या बोटी दर्यात गेल्या, नाखवा दुसऱ्या खेपेला बरफ न्यायला आला, नि ह्या परत रुसला, तं मी काय तोंड दाखवू? आज संध्याकालला नाखवे येतान माझ्याकडं. कारण समजला तं मी सांगन, बरफ माझा. न्हाय समजला तं सांगन, वसईला जावा, मी मशीन उघडतंय. मंतराच्या भरवशावर मी कोनाला दर्यात धाडनार न्हाय.”

मेहतासाहेब जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, “सावंतला फोन द्या.” मला म्हणाले, “देख लो भाई. मेरा यही एक बरफवाला है.”

वसईला गेलेला नाखवा परत येत नाही, हे मलाही माहीत होतं. दामूशेठनी ते माहीत असूनच तसं म्हटलं होतं.

मी पुन्हा पेटीसमोर बसलो. आता निदान एक गोष्ट कळली होती. रिकामी ओळ घालून दुखणं पळतं, म्हणजे आतमध्ये कोणीतरी शेजाऱ्याच्या घरात घुसतंय.

हे समजायला मीरा रोडचं उदाहरण चांगलं. समजा बिल्डरनं बारा फ्लॅट बांधले. तेराव्या माणसाला त्यानं बुकिंग दिलं. दुसऱ्या भाषा अशा वेळी वॉचमन उभा करतात. तो म्हणतो, तेरा नंबर नाही, घरी जा. सी भाषेत वॉचमन नाही. सी तेराव्याला म्हणते, या साहेब, बाराच्या पुढचा दरवाजा तुमचा. बाराच्या पुढे पलीकडच्या बिल्डिंगमधलं कुटुंब जेवायला बसलेलं असतं. तेरावा आत शिरतो, त्यांचं सामान बाहेर फेकतो, स्वतःचं लावतो. कुणी ओरडत नाही, कंपायलर तर नाहीच. मी ‘चेक’ नावाची रिकामी खोली मधे बांधली, तेव्हा घुसखोर तिथं राहायला गेला आणि शेजारी वाचला.

मग मी घुसखोराचं तोंड बघायचं ठरवलं. पडद्यावर उणे दहाऐवजी ‘चेक’चीच किंमत छापायला सांगितली. शून्य यायला हवं होतं.

आलं साडेतीनशे.

म्हणजे ‘चेक’ नसताना हे साडेतीनशे जात होते थेट शेजारच्या, उणे दहाच्या खोलीत. प्रोग्रॅम समजत होता, ब्राइन साडेतीनशे डिग्रीच्या वर गेलं तरच कॉम्प्रेसर लावायचा. बिचारा शिस्तीत वाट बघत होता. नरकातसुद्धा आमचा कॉम्प्रेसर बंदच राहिला असता.

“दामूशेठ, साडेतीनशे हा आकडा कशाचा?”

“फागुनचा. शिमग्याच्या टायमाला रोज साडेतीनशे लाद्या.”

फाल्गुन. पण फाल्गुन तर बारावा. बारावा फ्लॅट बिल्डिंगच्या आतच आहे. तो रस्त्यावर आला कसा? मी चैत्र, वैशाख, ज्येष्ठ बोटांवर मोजले. बाराच. पुन्हा मोजले. डोकं चालेना. अन्वरभाई म्हणाले, “साहब, पहले कुछ खा लो, मुँह देखो अपना.”

डबा उघडला. डब्यात अनारसे होते. आदल्या रविवारी सासुरवाडीला ठाण्याला जाऊन आलो होतो. सासूबाईंनी जावयाला वाण म्हणून तेहेतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन दिलं होतं. निरांजन बायकोनं कपाटात ठेवलं, अनारसे रोज माझ्या डब्यात. मी अनारसा तोंडात घातला आणि चावायचाच थांबलो.

जावयाला अनारसे दरवर्षी देत नाहीत. अधिक महिन्यात देतात.

“दामूशेठ! तुम्ही तक्त्यात अधिक महिना घातलात?”

“मंग? अधिक श्रावन चालू हाय ना. कारखाना उघडला त्याच दिशी ‘महिना जोडा’ दाबून घातला. का? चुकला?”

चुकलं नव्हतं काही. ‘महिना जोडा’ हे बटण मेहतासाहेबांनीच दिलं होतं, मोठ्या हौसेनं. दामूशेठनी श्रावणाच्या आधी अधिक श्रावण जोडला. बाकीचे सगळे एकेक घर खाली सरकले. फाल्गुन झाला तेरावा. आणि मेहतासाहेबांनी खोल्या बांधल्या होत्या बारा. नवा महिना जोडायची सोय करायची आणि त्याला जागाच ठेवायची नाही, हे फक्त आमच्या ऑफिसात होऊ शकतं.

मी फोन लावला.

“साहेब, वर्षाचे महिने किती?”

“बारा. क्यूँ, तू बच्चा है?”

“घरी भाभी काय करतायत सध्या?”

“अरे पुरुषोत्तम मास है, पूरा महीना एक टाइम खाती है, मेरा भी हाल...” आणि वाक्य तिथंच तुटलं. फरसाणवाल्याच्या कढईचा आवाज मला खारीपर्यंत ऐकू आला. मग साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, “सावंत, शेठ को बोलना वायरस था.”

मी असं काही सांगितलं नाही. दामूशेठ, अन्वरभाई, दोघांना फ्लॅटची गोष्ट सांगितली. अन्वरभाईंना ती लगेच पटली, ते नया नगरला राहतात, एकच फ्लॅट दोघांना विकल्याची भांडणं त्यांनी जवळून पाहिली होती.

ऑफिसात जाऊन खोल्या वाढवल्या, दारावर एक वॉचमनही बसवला: जागा संपली तर आकडा घेऊ नको, पडद्यावर सांग. प्रिंटएफ काढला, ‘चेक’ काढला. फ्लॉपी घेऊन परत आलो तेव्हा अंगणात नाखवे खुर्च्या ओढून बसलेच होते. फ्लॉपी घातली. पेटीत एक टिकटिक झाली आणि कॉम्प्रेसर लागला. दामूशेठनी कान देऊन ऐकलं, टाकीवर तळवा ठेवला, जणू थर्मामीटर त्यांच्या तळहातातच होता. मग बाहेर जाऊन म्हणाले, “बरफ माझा. कोनी वसईला जायचा न्हाय.”

ब्राइन थंड व्हायला वेळ लागतो, पण झालं. पौर्णिमेला दर्याला नारळ गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही घ्यायला कारखान्यात गेलो, तेव्हा लाद्या टेम्पोत चढत होत्या. लादीचा एक तुकडा हमालाच्या हातातून निसटून माझ्या पायावर पडला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

सही करता करता दामूशेठ थांबले.

“सायब, एक इचारू? जोडायचा बटन हाय. काढायचा न्हाय.”

“काढायचा? महिना?”

“क्षयमास असतो ना. एक महिनाच गायब होतो. मागं एकदा आलता, बऱ्याच वर्सांमागं. भट बोलला, आता परत येईल तवा आपली नातवंडाबी नसतील.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते अगदी गंभीर होते. मी विचार केला: बटण घालायचं, टेस्ट करायचं, पुन्हा खारी, पुन्हा खड्डा, पुन्हा बेडूक.

“शेठ, सही करा,” मी म्हणालो.

त्यांनी केली. ऑफिसात आल्यावर मी प्रोग्रॅमच्या डोक्यावर एक कॉमेंट लिहिली. कॉमेंट म्हणजे अशी ओळ जी मशीन वाचत नाही, फक्त पुढचा प्रोग्रॅमर वाचतो, तोही वैतागला तरच. ‘क्षयमास आल्यास हे चालणार नाही. माफ करा, मी दमलो होतो.’ इतकी वर्षं या धंद्यात काढून मला पटलंय, की प्रोग्रॅम कधी पूर्ण होत नाही, तो फक्त पुढच्याच्या गळ्यात पडतो. निदान त्याला आधी सांगून ठेवावं.